आंबोदिमांग्याची राखण

बाळा तेंडोलकराला आमच्या वाडीत सगळे ‘मादागास्कर’ म्हणतात. ‘मादागास्कर बाजारात गेलो’, ‘मादागास्कराची म्हस व्याली’, असं. मी मात्र त्याला बाळ्याच म्हणते. पहिलीपासून दहावीपर्यंत तो माझ्या वर्गात होता आणि माझ्या पाटीवर थुंकून त्याने ती पुसलेली आहे. आमच्या दोन घरांमधला दगडी गडगा एकच. वालावलचा रस्ता तळ्याकडे वळतो त्याच्या अलीकडे खाली उतरलं की पहिलं घर माझं, दुसरं त्याचं. मी कुडाळच्या कचेरीत आयुष्यभर टायपिंग केलं, लग्न केलं नाही, आणि लोकांच्या भानगडी शांतपणे ऐकून घ्यायची सवय मला नोकरीने लावली. ही भानगड मात्र शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

बाळा काजूच्या कारखान्यांतला मेस्त्री. बी वाफवायचा बॉयलर, ती फोडायची कातर, साल काढायचं यंत्र, सगळं तो बसवायचा आणि बिघडलं की शिव्या घालत दुरुस्त करायचा. गोव्याकडच्या कुणा शेटने मादागास्करमध्ये कारखाना घातला आणि बाळ्याला सहा महिन्यांसाठी नेलं. आफ्रिकेच्या उजव्या कुशीला समुद्रात जे लांबट बेट दिसतं, तो हा देश. सहा महिन्यांचा गेलेला माणूस नऊ वर्षं राहिला. मधूनमधून चतुर्थीला यायचा, महिनाभर सगळ्यांचं डोकं खायचा आणि परत जायचा.

डोकं खायचा ते त्या देशाच्या कौतुकाने. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा पिशवीही खाली न ठेवता सांगायला लागला.

‘दुर्गे, माती तांबडी गो! आपल्यासारखीच. आंबो आसा, फणस आसा, माड आसत, काजी आसत. लोक तीन वेळा भात खातत. आणि भात झालो काय टोपाच्या बुडाक जी खरवड ऱ्हवता, तेच्यात पाणी घालून उकळतत आणि तां पितत. माका वाटलां, ही पेजच गो आपली!’

‘मगे हयसर काय वायट होतां? पेजच पिवची होती तर आवशीच्या हातची पी.’

‘तुका नाय कळाचां,’ तो म्हणाला. मला कळत होतं, पण त्याला चिडवण्यात मजा होती.

गरिबी किती, तर अख्ख्या गावात दोन सायकली. पाऊस लागला की रस्ताच उरत नाही. दर वर्षी कुठून तरी वादळ येतं, झावळांची छपरं उडतात, लोक ती परत घालतात आणि घालता घालता हसतात. हे हसणं बाळ्याला फार आवडायचं. आणखी एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगे. तिथे माणसं जन्मभर कुडाच्या खोपटात राहतात आणि मेल्यावर सिमेंटच्या घरात जातात. पूर्वजांची थडगी जिवंत माणसांच्या घरांपेक्षा बळकट. बाळ्याला ह्यात माया दिसायची. मला ते ऐकून पहिल्याच दिवशी कसंतरी झालं होतं. ज्या गावात मेलेल्यांची घरं पक्की आणि जित्यांची कच्ची, तिथे माणसाने जीव लावू नये असं माझं मन म्हणत होतं, आणि मी ते त्याला बोलूनही दाखवलं. तो नुसता हसला, त्यांच्यासारखाच.

वाडीत अर्थात कुजबुज झाली. तिकडे बाई ठेवली असणार, नाहीतर कोण राहतो नऊ वर्षं? बाई होती, पण वाडीला वाटत होती तशी नव्हे. सोआ तिचं नाव. कारखान्यात कामगारांचं जेवण रांधायची, आणि तिच्या घरातल्या एका खोलीत बाळा राहायचा. घरात तिची नातवंडं आणि म्हातारा बाप. बापाला सगळं गाव दादाबे म्हणे. त्यांच्या भाषेत तो शब्द आजोबांसाठी आहे. बाळ्याची बायको नर्मदा सोआशी फोनवर बोलायची. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नसे, तरी पाच-पाच मिनिटं हसत बसायच्या. सोआ बाळ्याला भाऊ म्हणते हे नर्मदेला कळलं आणि तिने तो विषय बंद केला. मग वाडीनेही केला.

आता राखणीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. दिसत नाही, पण विहिरीपाशी, बांधावर, एखाद्या जुन्या झाडाखाली त्याचा वावर. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे त्याच्याशी मोठ्याने बोलणं. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा सुरू केलेली राखण मोडता येत नाही. देणाऱ्याला जमेनासं झालं तर त्याने जागेवर उभं राहून ती दुसऱ्याला सोपवायची. चुकली तर राखणदार आपला मान वसूल करतो, असं आम्ही मानतो. मी बी.ए. झालेली आहे आणि मीही मानते. माझ्या परड्यातली राखण एकदाही चुकलेली नाही.

बाळ्याचा कारखाना आंबोदिमांगा नावाच्या गावात होता. तिथे पहिल्याच हंगामात वाफ सुटून एक माणूस भाजला. मग शेडचं छप्पर कोसळलं. मग काजूच्या सालीतलं तेल एका बाईच्या दोन्ही हातांवर सांडलं आणि कातडी सोलली गेली. कामगार यायचे बंद झाले. बाळ्याने दादाबेला विचारलं, ह्या जागेचा राखणदार कोण? म्हातारा म्हणाला, आहेत ना, आमचे जुने लोक आहेत, पण तुमच्या शेटने खांब पुरताना त्यांना विचारलं कुठे?

गावाच्या नावाचा अर्थच ‘आंब्याच्या बुडाशी’ असा. तो आंबा नदीकाठी, दादाबेच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्याखाली दोघांनी कोंबडा आणि नारळ दिला. म्हाताऱ्याने आपल्या भाषेत पूर्वजांना हाका मारल्या, झाडाच्या मुळांवर रम ओतली. बाळ्याने मालवणीत गाऱ्हाणं घातलं आणि शेवटी म्हणाला, वर्षाच्या वर्षाला हा मान मी देईन. ‘मी’ म्हणाला. गाऱ्हाणी घालणारे घाडी लोक असे शब्द किती जपून उच्चारतात ते आम्ही लहानपणापासून बघतो, पण हा मेस्त्री.

त्यानंतर अपघात थांबले असं बाळा सांगतो. त्याच महिन्यात शेटने बॉयलरची झडप बदलली होती हेही तोच सांगतो. काही का असेना, दर वर्षी तिकडच्या पावसाआधी, म्हणजे आपल्या कार्तिकाच्या सुमाराला, राखण होऊ लागली. गाव गोळा व्हायचं. दादाबे ‘होय म्हाराजा’ म्हणायला शिकला होता आणि त्याला ते इतकं आवडलं होतं की जेवायला बोलावलं तरी तो तसंच उत्तर द्यायचा.

आमच्याकडे तौक्ते वादळ आलं त्या वर्षी बाळा तिकडेच अडकला होता. वाडीत आठवडाभर वीज नाही, फोन नाही, माझ्या पडवीवर माड पडलेला. नर्मदा आणि संचिता, बाळ्याची मुलगी, माझ्याकडेच झोपायच्या. फोन लागला तेव्हा बाळ्याने सांगितलं की दादाबे रोज संध्याकाळी आंब्याखाली जाऊन आमच्यासाठी रम ओततो. ज्याने आम्हाला कधी पाहिलं नाही, समुद्रापलीकडे आमची वाडी कुठल्या दिशेला तेही ज्याला ठाऊक नाही, तो म्हातारा आमच्या छपरासाठी आपल्या पूर्वजांच्या विनवण्या करत होता. मला तेव्हा पहिल्यांदा त्या लोकांविषयी माया वाटली. बाळ्याला काय वाटत असेल ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी त्याची आई आजारी पडली आणि तो आला. माघ महिना होता, राखणीला अजून पुष्कळ अवकाश होता. जाताना दादाबेने विचारलं होतं, राखणीचं काय? बाळा म्हणाला, ‘तेच्या आधी येतलंय.’ त्यामुळे राखण कोणाला सोपवली नाही. आई गेली. मग कारखानाच बंद पडला. मग संचिताचं लग्न, मग त्याचा गुडघा, मग पासपोर्टची मुदत संपली. कार्तिक आला आणि गेला.

त्या पावसात सोआच्या घराच्या पायरीपर्यंत नदी आली. पूर्वी कधी आली नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा राखण नाही, आणि गावातली गुरं पटापट मेली. सोआ हे सगळं सहज सांगायची, हसून सांगायची. बाळा फोन ठेवायचा आणि गडग्यावर येऊन बसायचा.

‘तूच दी म्हणान सांग ना म्हाताऱ्याक,’ मी म्हटलं.

‘सांगलंय. तो म्हणता, शब्द तुझे होते. हयच्या जुन्या लोकांका तुझ्या शब्दांची सवय झाली हा. मी बोललंय तर तेंका राग येतलो.’

आम्ही गणपत घाडींकडे गेलो. गावाची गाऱ्हाणी तेच घालतात, वय झालंय, पण डोकं साफ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली.

‘बाळा, तू परक्या जाग्यार आपल्या तोंडान कबूल झालंस. आता थयसर जावन उबो ऱ्हव आणि कोणाच्या तरी हातात दी. हयसून काय एक होवचां नाय.’

‘फोनार घातलां गाऱ्हाणां तर?’

गणपत घाडींनी अडकित्ता खाली ठेवला. ‘खेळ करू नको रे,’ एवढंच म्हणाले.

त्या रात्रीपासून बाळा फोनवर हवामानाचे नकाशे बघायला लागला. इकडे आभाळ निरभ्र, आणि हा पडवीत बसून दुसऱ्याच समुद्रावरचे ढग बघतोय. नर्मदा वैतागायची. मीही वैतागायचे. पासपोर्टसाठी मात्र त्याने धावाधाव केली, आणि कचेरीतल्या ओळखीने मीही केली. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला आपल्याकडे किती वेळ लागतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मार्च महिना होता. सगळ्या वाडीत काजूच्या बोंडांचा आंबूस वास भरून राहिलेला. त्या बेटाच्या वरच्या अंगाला एक वादळ होतं. ते बाजूने निघून जाईल असं सगळे म्हणत होते आणि बाळाही दोन दिवस तेच म्हणत होता. मग ते फिरलं. मी त्याच्याकडे काजूचे गर वाळत घालायला सूप मागायला गेले होते. नर्मदा कुडाळला गेली होती. बाळा पडवीच्या खांबाला टेकून उभा होता आणि फोनवरचं ते पांढरं भोवऱ्यासारखं चित्र बरोबर आंबोदिमांग्यावर बसलं होतं.

‘नदी?’ मी विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. सोआचा. बाळा त्यांच्या भाषेत बोलायला लागला. पलीकडे पाऊस इतका होता की मला तो दोन हातांवरूनही ऐकू येत होता. त्याने फोनवर हात ठेवला.

‘न्हंय वर इली. सगळे शाळेर चढतत, शाळा टेंबार आसा. म्हातारो हलना नाय. सोआ सांगता, तू सांग तेका, तो तुझाच आयकतलो. ती पोरांका घेवन चढता.’

‘मगे सांग बेगीन!’

पलीकडे फोन म्हाताऱ्याच्या हातात गेला. खोकला, मग चार-पाच शब्द, अगदी शांत. मी बाळ्याच्या जवळ सरकले.

‘काय म्हणता?’

‘म्हणता, दोन वर्सा मान चुकलो, म्हणान पाणी इला. कोंबो हातात आसा म्हणता. आंब्याखाली जातंय, मान देतंय, मगे चढतंय. म्हणता, शब्द तू बोल.’

‘नको बाळ्या! वर जा म्हणान सांग. राखण उद्या देवंदे.’

‘उद्या थयसर काय ऱ्हवतला गो?’ तो ओरडला. मला आयुष्यात तो असा कधी ओरडला नव्हता.

एक क्षण मला वाटलं, सांगेल. तोंड उघडलं होतं त्याने. सोआने जे मागितलं ते चार शब्दांचं होतं. पण त्याने पायातल्या चपला काढल्या, अंगणात उतरला, आभाळाकडे तोंड केलं, आणि मालवणीत सुरू झाला.

‘बा देवा म्हाराजा! आंब्याच्या बुडातल्या राखणदारा!’

फोनमधून, पावसाच्या आवाजातून, म्हाताऱ्याचा आवाज आला. ‘होय म्हाराजा!’

‘दोन वर्सा तुझो मान चुकलो. चूक हेंची न्हय, माझी आसा. लांब ऱ्हवान हात जोडतंय. कोंबो, नाल्ल तुझ्या पायार देतत तो मानून घे.’

‘होय म्हाराजा!’

मागे एक बाई ओरडत होती. दूरवरून, एकच शब्द पुन्हा पुन्हा. मला त्यांची भाषा येत नाही, पण बापाला हाक मारणारी लेक कोणत्याही भाषेत ओळखू येते.

‘हेंच्या पोराबाळांची, गुराढोरांची राखण कर. न्हंयचां पाणी माघारी फिरव रे म्हाराजा!’

ह्या वेळी उत्तर आलं नाही. पाण्याचा आवाज आला, मग तोही नाही. बाळा फोन हातात धरून अंगणात उभा राहिला. मी त्याच्या हातातून फोन घेतला, पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाळा म्हणत होता, ‘नेटवर्क गेला असतला. वादळात जाताच.’ त्याचं खरं असावं म्हणून मी देवीला हात जोडले, आणि खरं नाही हे मला त्याच वेळी माहीत होतं.

पुढचे दिवस कसे गेले सांगवत नाही. आपल्या पेपरात त्या देशाची बातमी आतल्या पानावर, बोटभर. खाली साबणाची जाहिरात त्याच्या चौपट. मला इतका संताप आला की मी तो पेपर चुलीत घातला. गावं वाहून गेली, रस्ते तुटले, इतकंच. कोणतं गाव, कोण माणूस, काही नाही. बाळा जेवायला बसायचा आणि उठायचा. नर्मदेला त्याने स्वतःच सगळं सांगितलं. तिने डोक्याला हात लावला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सोआचा फोन आला, दुसऱ्या कोणाच्या तरी नंबरवरून. तेव्हा मी आणि नर्मदा पडवीतच होतो. बाळा खूप वेळ नुसता ऐकत होता. मग एकच शब्द बोलला. मग पुन्हा ऐकत राहिला. फोन ठेवून तो खाली जमिनीवर बसला.

दादाबे गेला होता. नदीच्या खालच्या अंगाला बांबूच्या बेटात अडकलेला सापडला. थडग्यात ठेवला. शाळेवर चढलेले सगळे वाचले होते, सोआ, तिची नातवंडं, सगळे. आंबा मुळासकट गेला होता.

‘आणि ती काय म्हणाली म्हायत आसा?’ बाळा म्हणाला. ‘म्हणाली, भावा, मनाक लावन घेव नको. तू वर जा म्हणान सांगलंस, पण म्हाताऱ्यान तुझापण आयकूक नाय.’

नर्मदेने विचारलं, ‘तू काय बोललंस?’

‘हो म्हटलंय.’

तो एक शब्द त्याला खाऊन गेला. उन्हाळ्यात तो निम्मा झाला. कारखान्यांतून बोलावणी यायची, जायचा नाही. गणपत घाडी एकदा स्वतः चालत आले आणि म्हणाले, राखणदाराने नेलं की नदीने, ते आपल्याला कळायचं नाही, तू त्यात पडू नको.

‘राखणदारान नेल्यान काय पाण्यान, माका दोनय सारख्याच,’ बाळा म्हणाला. ‘म्हातारो माझा आयकी होतो. वर जा म्हटलंय असतंय तर तो वर गेलो असतो. मी तेका झाडाखाली धाडलंय.’

घाडी तसेच उठून चालत परत गेले. मला त्याचा राग येत होता आणि त्याला जवळ घेऊन थोपटावंसंही वाटत होतं, आणि साठीच्या बाईला ह्यातलं काहीच करता येत नाही.

पासपोर्ट श्रावणात हातात आला, उशीर करून आल्याबद्दल कसलीही लाज नसलेला. बाळ्याने जायचं ठरवलं. सोआला सांगायला. तेव्हा नर्मदा पहिल्यांदा भडकली.

‘तिका जां वाटता तां वाटांदे! म्हातारो काय परत येतलो? जगात एक घर आसा जंय तुका सख्खो भाव म्हणतत. हयच्या लोकांनी तुझी थट्टाच केली, थयसर तुका मान गावलो. तां घर कित्याक घालवतंस?’

ती खोटं बोलत नव्हती. त्याच्याही डोळ्यांत ते दिसत होतं. नऊ वर्षं ज्या गावाच्या नावाने तो उजळायचा, ते गाव एका वाक्याने त्याच्यासाठी बंद होणार होतं.

मी म्हटलं, ‘अरे, सांगूचांच आसा तर फोनार सांग. एवढ्या लांब कित्याक जातंस?’

‘फोनारच झालां ना तां,’ तो म्हणाला.

नर्मदेने रात्री बसून त्याच्या पिशवीत कोकमं भरली, सोआच्या नातवंडांसाठी खाजं भरलं. रडत भरलं, पण भरलं.

कार्तिकात तो गेला. पोचल्याचा निरोप आला आणि मग शांतता. नर्मदा रोज सकाळी गडग्याशी येऊन मला विचारायची, जसा काही त्याचा फोन आधी मलाच येणार होता. आणि तो खरंच मला आला, दुपारी, जेवण उरकून मी आडवी झाले होते तेव्हा. आवाज दमलेला, पण स्वच्छ.

‘सांगलंय गो.’

‘मगे?’

‘गाव नाय उरला दुर्गे. टेंबार चार खोपी घातल्यानी आसत. सोआ माका बघून धावत इली. नातवांका हाक मारल्यान, मामा इलो म्हणान. मी म्हटलंय, पयला माझा आयक. उब्या उब्याच सांगलंय. तू सांगलंलं तां मी तेका बोलूकच नाय. गाऱ्हाणां घातलंय.’

‘मगे काय म्हणाली?’

‘म्हणाली, माका म्हायत होतां.’

मी उठून बसले.

‘मी वाटेर होतंय, म्हणाली. तेका हाक मारी होतंय. तो होय म्हाराजा, होय म्हाराजा म्हणी होतो तां माका आयकाक येय होतां. आंब्याखालसून तां तो गाऱ्हाण्याशिवाय आणि कित्याक म्हणतलो?’

‘मगे तिना फोनार तशां कित्याक...’

‘मी इचारलंय. म्हणाली, तू काय म्हणतंस तां माका बघूचां होतां.’

त्या पलीकडच्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पण बापाला थडग्यात ठेवून आलेली ती, कोणाचा तरी मागितलेला फोन कानाला लावून, ह्याचं उत्तर काय येतं ते ऐकत थांबलेली, मला तेव्हा समोर दिसली. आणि ह्याने ‘हो’ म्हटलं होतं. मला बाळ्याची दया आली नाही. मला तिच्यासाठी रडू आलं, आणि मी ते त्याला ऐकू दिलं.

मग तो म्हणाला, ‘घरात घेतल्यान. हात धुवाक पाणी दिल्यान. भात वाढल्यान.’

‘बरां झालां,’ मी म्हटलं. ‘म्हणजे भाव म्हणताच अजून.’

तिकडे परदेशी माणसाला वझाहा म्हणतात. शेटला म्हणायचे, गोऱ्या प्रवाशांना म्हणायचे, रस्त्यावरची पोरं पहिल्या दिवशी बाळ्यालाही म्हणाली होती. सोआने नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं.

‘ताट म्होरे सरकवल्यान,’ बाळा म्हणाला, ‘आणि म्हणाली, जेव, वझाहा.’

‘आणि तू?’

‘जेवलंय,’ तो म्हणाला.